तलवार माशासाठी गळ निवडताना वजन नको, त्याचं तोंड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोर्ट लॉडरडेलला राहायला आलात, तिघा मित्रांनी मिळून २६ फुटी बोट घेतलीत, आणि आता भर दिवसा खोल पाण्यातला तलवार मासा, म्हणजे इथला स्वोर्डफिश, धरायचा आहे. गळ किती नंबरचा, जे हुक (इंग्रजी J अक्षरासारखा, टोक उघडं) की सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर), दोरी किती पौंडांची, इलेक्ट्रिक रीलशिवाय भागेल का, हे तुम्ही विचारलंत. जाता जाता असंही लिहिलंत की मालवणला जेटीवर तांबोशी गरवताना ‘मासा मोठा तर गळ मोठा आणि तंगूसही (नायलॉनची दोरी) जाड’ हे शिकलो, तोच हिशेब इथे धरतो आहे.

माझ्या मते खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. तो हिशेब मालवणला बरोबर होता. तांबोशी लागली की सरळ खडकाकडे धावते. पहिल्या दोन-चार वावांत (एक वाव म्हणजे सहा फूट) तिला अडवलं नाही तर दोरी कपारीत घासून तुटते. तिचा जबडाही कडक, त्यामुळे दणकट गळ आणि जाड तंगूस हेच शहाणपण. तलवार मासा लागल्यावर खडकात शिरत नाही, आणि त्याचं तोंड मऊ असतं. म्हणून इथे गळ ठरवायचा तोंडावरून, आणि दोरी ठरवायची पाण्याच्या ओढीवरून. माशाचं वजन या दोन्हींच्या नंतर येतं.

मी इथल्या चार्टर म्हणजे भाड्याच्या मासेमारी बोटींवर बरीच वर्षं मेट, म्हणजे कप्तानाचा मदतनीस, म्हणून काम केलं आणि आता स्वतःची बोट चालवतो. पुढे लिहितो आहे ते मायामी ते पाम बीच या पट्ट्यातल्या अनुभवावरून. मेक्सिकोच्या आखातात किंवा कॅलिफोर्नियात प्रवाह वेगळा आहे, तिथे शिशाचं वजन आणि बोट धरायची पद्धत दोन्ही बदलतात. तुमच्या बोटीला इंजिन एक आहे की दोन, बॅटरी किती ताकदीच्या आहेत, यावरही काही गोष्टी अवलंबून राहतील. तिथे तिथे सांगतोच.

आधी मासा राहतो कुठे ते बघू. दिवसा तो साधारण ४५० ते ६०० मीटर खोलीवर असतो. आपल्याकडे किनाऱ्यापासून पंधरा-वीस मैलांवर १५०० ते १९०० फूट पाणी लागतं, म्हणजे अडीचशे ते तीनशे वाव. रात्री तोच मासा म्हाकुळांच्या मागे वर येतो, कधी शंभर फुटांच्याही वर. दिवसा गरी घेऊन त्याच्यापर्यंत पोहोचता येईल असं पूर्वी इथे फारसं कुणी मानत नव्हतं. या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडा कीजमधल्या इस्लामोरॅडाचे रिचर्ड स्टॅन्झिक आणि विक गॅस्पेनी यांनी ते करून दाखवलं आणि दक्षिण फ्लोरिडाची पद्धतच बदलली. आज आपण वापरतो तो सगळा सरंजाम त्यानंतर हळूहळू घडत गेला आहे.

त्या खोलीवर जवळजवळ अंधार असतो आणि पाणी थंडगार. तरीही हा मासा डोळ्यांनी शिकार करतो. डोळ्याजवळच्या एका स्नायूपासून बनलेलं उष्णता देणारं ऊतक त्याच्या डोळ्यांना आणि मेंदूला भोवतालच्या पाण्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सियसपर्यंत उबदार ठेवतं, त्यामुळे थंड पाण्यातही झटकन हलणारी वस्तू त्याला टिपता येते. तो आमिष सरळ गिळत नाही. बऱ्याचदा आधी तलवारीने फटका मारतो, मग वळून येतो आणि तोंडात घेतो. मोठ्या माशाला दात नसतात, खवलेही नसतात. हे सगळं गळाच्या निवडीत कामाला येतं.

आता तोंड. मासा बोटीत घेतल्यावर गळ काढायच्या आधी एकदा नीट बघा. कडेच्या मांसात गळ जिथे घुसतो तिथे सुरुवातीला बारीक भोक असतं. अर्धा-पाऊण तास ओढाताण झाली की त्या भोकाची इंचभर फट होते. सदऱ्याचं काज ताणून ओघळलं की बटण आपोआप निसटतं, तसाच तो गळ निसटतो. बोटीपाशी आलेले मासे सुटतात त्यातले पुष्कळ असेच सुटतात. तिथे दोरी दोनशे पौंडांची असो की चारशेची, काही फरक पडत नाही. जाड तारेचा गळ पहिलं भोकच मोठं पाडतो, आणि तीनशे वाव दोरीच्या टोकाला तो आत घुसवायला जो जोर लागतो तो तुमच्याकडे नसतो. वर तुम्ही झटका दिलात तरी खाली पोहोचेपर्यंत त्यातलं बरंचसं दोरीच्या बाकातच विरून जातं. गळ स्वतःच्या धारेने शिरायला हवा.

म्हणून मी जे हुक घेतो, १०/० किंवा ११/०. आमिष मोठं असेल तर १२/०, त्याच्या वर नाही. मस्टाडचा ७६९१ हा जुना ट्यूनाचा गळ या कामाला चांगला आहे: धारदार टोक, ताकदीच्या मानाने बेताची तार, आणि टोक-दांडा यांच्यातला आ पुरेसा रुंद. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तरी हरकत नाही, पण तीन गोष्टी तपासा. टोक आणि दांडा एकाच रेषेत हवेत, टोक बाजूला वळवलेला गळ नको, कारण तो आमिषाला गिरकी लावतो. नेढं पूर्ण बंद, वितळवून जोडलेलं हवं. आणि उलटी नखी फार मोठी नको, नखी जितकी मोठी तितकं भोक मोठं.

नवा गळ पुडीतून काढून तसाच वापरू नका. टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवा. घसरलं तर बारीक कानस घेऊन टोकाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन हात फिरवा, नखावर रुतून बसेपर्यंत. आमिष वर आल्यावर दर वेळी हीच परीक्षा पुन्हा करा. गळ तळाला टेकून आला असेल तर टोक हमखास बोथट झालेलं असतं.

स्टेनलेस घ्यावा का? तो गंजत नाही म्हणून लोकांना आवडतो. मी कथिलाचा मुलामा असलेला पोलादी गळच घेतो. दोरी तुटली तर तो गळ माशाच्या अंगात राहणार असतो, आणि निदान गंजून जाण्याची वाट तरी मोकळी असावी. दर फेरीला गळ बदलायचा खर्च या धंद्यातल्या बाकी खर्चापुढे काहीच नाही.

सर्कल हुकबद्दल दोन्ही बाजू सांगतो, कारण यावर जाणती माणसंही भांडतात. सर्कल हुक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, मासा तो पोटात घेत नाही, सोडून दिलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत अटलांटिकच्या लाँगलाइन बोटींना (मैलोन् मैल लांब दोरीला शेकडो गळ लावणाऱ्या) तो २००४ पासून सक्तीचा आहे, मुख्यतः कासवं वाचावीत म्हणून. पण सर्कल हुक काम करतो तो मासा आमिष तोंडात घेऊन वळला तर. दिवसा खोल पाण्यात तलवार मासा फटके मारतो, अर्धवट पकडतो, सोडतो. कधी गळ गालाच्या बाहेरून तर कधी डोक्याजवळ लागतो. तिथे उघड्या टोकाचा जे हुक जास्त मासे धरून ठेवतो असा माझा अनुभव आहे. रात्री जिवंत आमिष लावून मासे सोडूनच द्यायचे असतील तर मात्र मी सर्कल लावतो. कायद्याचं म्हणाल तर बिलफिश टूर्नामेंटमध्ये नैसर्गिक आमिषाला सर्कल हुक लागतो, पण त्या नियमातले बिलफिश म्हणजे मार्लिन, सेलफिश, स्पिअरफिश. तलवार मासा त्यात मोडत नाही. शार्क ठेवायचा असेल तर सर्कलच लागतो.

गळाइतकंच महत्त्व आमिषात तो कसा बसवता याला आहे, आणि नवीन माणसं वेळ वाचवतात ती नेमकी इथे. माही-माहीच्या किंवा बोनिटोच्या, म्हणजे आपल्या कुप्याच्या जातीतल्या माशाच्या, पोटाची पट्टी घ्या. साधारण बारा इंच लांब, पुढून अडीच-तीन इंच रुंद, मागे निमुळती. आतलं मांस तासून पाव इंचावर आणा आणि कडा उतरत्या करा, म्हणजे पट्टी लवचीक होते. गळ कातडीतून असा काढा की पूर्ण बाक आणि टोक बाहेर मोकळं राहील. मग पट्टीचं पुढचं तोंड मेणाच्या जाड दोऱ्याने लीडरभोवती, म्हणजे गळाला जोडलेल्या जाड तंगुसाभोवती, शिवून टाका. टाके घट्ट आणि जवळजवळ घाला, कारण तलवारीचा पहिला फटका याच शिवणीवर बसतो. शिवण उसवली की पट्टी गळावर गोळा होते, टोक त्यात बुडतं, आणि तुम्ही तासभर वर बसून निकामी आमिषाची राखण करता. अख्खं म्हाकूळ लावायचं असेल तर डोकं आणि धड एकमेकांना शिवून घ्या, नाहीतर पहिल्या फटक्यात डोकं वेगळं होतं. शिवून झालं की बोटीच्या कडेला पाण्यात धरून सावकाश ओढून बघा. सरळ पोहलं पाहिजे. गरगरत असेल तर पुन्हा शिवा, खाली सोडून ते सुधारणार नाही.

एकाच्या मागे दुसरा असे दोन गळ लावणारे लोक आहेत. मी एकच लावतो. दुसरा गळ बोटीपाशी मासा झटके देताना हाताला लागतो, आणि आमिषाची चालही बिघडवतो.

आता दोरी. इथून गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे वाहतो, बऱ्याच दिवशी तीन नॉटच्या आसपास. १८०० फूट दोरी त्यात उभी धरायची आहे. दोरी जितकी जाड तितकी पाण्याची ओढ जास्त, म्हणजे शिसं जास्त, म्हणजे पुन्हा ओढ जास्त. ८० पौंडांचा साधा नायलॉन तंगूस सुमारे ०.९ मिलिमीटर जाड असतो. ६५ पौंडांची विणलेली ब्रेड दोरी त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय तंगूस ताणतो, तीनशे वावावर मासा चोखंदळपणे टोचतोय हे त्यातून वरच्या टोकाला कळणारही नाही. म्हणून ब्रेडच, ६५ किंवा ८० पौंडांची, आणि रीलवर निदान ३००० फूट. यापेक्षा जाड घेऊ नका. दर शंभर फुटांना रंग बदलणारी घेतलीत तर खोली मोजायला सोपं जातं.

ब्रेडच्या खाली मात्र जाड तंगूसच हवा. शंभर ते दीडशे फूट लांब, २०० ते ३०० पौंडांचा, रीलवर गुंडाळता येईल असा विंड-ऑन लीडर. तो घासायला टिकतो, हाताने धरता येतो, आणि थोडा ताणतो हा इथे गुण आहे, कारण शेवटच्या टप्प्यात तोच ताण मऊ तोंडाला सांभाळतो. त्याच्या वरच्या टोकाजवळ मेणदोऱ्याचा फास बांधलेला असतो, त्यात लाँगलाइनच्या क्लिपने शिसं अडकवायचं. शिसं आणि आमिष यांच्यात हे एवढं अंतर ठेवायचं कारण आमिष शिशापासून दूर, प्रवाहात मोकळं तरंगलं पाहिजे. गळाचा शेवटचा तुकडा सहा ते दहा फुटांचा, तोही २०० ते ३०० पौंडांचा, दुहेरी नळीच्या क्रिंपने, म्हणजे गाठीऐवजी दाबून बसवायच्या धातूच्या नळीने, दाबलेला. नेढ्यात फास जिथे घासतो तिथे प्लॅस्टिकची नळी किंवा स्प्रिंग घालायला विसरू नका.

शिसं ८ ते १२ पौंडांचं. प्रवाह कमी असेल त्या दिवशी ८ पुरतं. काही लोक शिसं कच्च्या तारेने बांधतात, मासा लागला की ते तुटून तळाला जातं. त्याने मासा हलका लागतो हे खरं, पण दर माशामागे समुद्राच्या तळाला दहा पौंड शिसं टाकायला माझं मन घेत नाही. मी क्लिपच वापरतो. तुम्हाला तारेनेच बांधायचं असेल तर शिशाच्या जागी लोखंडी सळईचे तुकडे तरी वापरा.

दिवा एकच, खोल पाण्याचा दाब सोसणारा, निळा किंवा हिरवा, आमिषापासून दहा-पंधरा फूट वर. रंगावर लोक तासन् तास बोलतात. माझ्या मते रंगापेक्षा बॅटरी ताजी आहे का आणि झाकणाच्या रबरी कड्यावर वाळूचा कण नाही ना, हे जास्त महत्त्वाचं.

खाली सोडण्याची पद्धत दोन वाक्यांत: बोटीचं नाक दक्षिणेला, प्रवाहाच्या तोंडावर ठेवून सावकाश पुढे जात आधी आमिष आणि लीडर मागे पूर्ण सरळ पसरू द्या, मग शिसं अडकवून सोडा. शिसं तळाला टेकलं की ५० ते १०० फूट वर घ्या आणि इंजिनाच्या जोरावर बोट दोरीच्या वर धरून ठेवा. हे धरून ठेवणं एकाच माणसाचं पूर्णवेळ काम आहे. तिघांपैकी ज्याला कंटाळा येत नाही त्याला सुकाणू द्या.

इलेक्ट्रिक रीलशिवाय भागतं का? भागतं. शिमानो टियाग्रा ८० किंवा पेन इंटरनॅशनल ८० अशा दोन गतींच्या रीलवर हाताने तलवार मासे निघतात. चिलीतल्या इकीके इथे १९५३ साली धरलेला ११८२ पौंडांचा मासा आजही आयजीएफएचा (गळाच्या मासेमारीचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) विक्रम आहे, आणि मोटरच्या रीलवर धरलेला मासा त्या विक्रमांत मोजलाच जात नाही. पण मासा लागणं ही दिवसातली एखादी घटना असते. आमिष तपासायला, म्हाकूळ बदलायला, जागा बदलायला रिकामी दोरी दहा पौंड शिशासकट पुन्हा पुन्हा वर घ्यावी लागते. हाताने ती घेताना वीस-पंचवीस मिनिटं जातात. तिसऱ्या खेपेला माणसं आमिष तपासायचं टाळू लागतात, आणि उसवलेल्या पट्टीवर दिवस जातो. मोटरचा खरा फायदा हा आहे.

तुमच्यासाठी सल्ला: ८० आकाराचं साधं रील असं घ्या की ज्यावर नंतर मोटर बसवता येईल. अशा मोटरी मिळतात. वापरलेलं रील चांगल्या स्थितीत असेल तर खुशाल घ्या, पण दुकानात ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला रोखणारा रीलचा ब्रेक, हळूहळू ओढून बघा. धक्के देत सुटत असेल तर नको, मऊ तोंडाला तो धक्काच घातक. मोटर घ्याल तेव्हा तिच्यासाठी वेगळी बॅटरी ठेवा. इंजिन सुरू करायची बॅटरी तिला जोडू नका. एकच इंजिन असेल तर हे दुप्पट लागू.

रॉड आखूड, वाकड्या मुठीचा, बुंध्याला दणकट पण टोकाला नरम. टोक नरम हवं कारण टोचणी ओळखायची ती तिथेच. शिशाच्या भाराने रॉड एका लयीत झुकत असतो, ती लय मोडली, टोक दोनदा बारीक थरथरलं, की तोच मासा. लगेच झटका देऊ नका. दहा-वीस फूट सावकाश वर घ्या, आमिष पळतंय असं त्याला वाटू द्या. भार आला की वेगाने गुंडाळत राहा. दोरी एकदम सैल पडली तरी थांबू नका. हा मासा शिशासकट वर पोहत येतो, आणि त्या वेळी ‘सुटला’ म्हणून हात थांबला की खरंच सुटतो.

ड्रॅग सुरुवातीला शिसं आणि प्रवाह धरून ठेवण्याइतका, आमच्या बोटीवर साधारण १५ ते १८ पौंड. मासा वर येऊन शिसं काढलं की मी तो कमी करतो. खाली असताना दोरीचा लांब बाक धक्के पचवत होता. आता दोरी आखूड, बाक नाही, आणि तोंडातली फट वाढलेली. लोक याच क्षणी घाईने ड्रॅग आवळतात. शिसं काढणारा माणूस ठरलेला असू द्या, आणि रील चालवणाऱ्याने त्याच्या आवाजावर थांबायचं.

बोटीपाशी मासा दमलेला दिसला तरी तलवार दमलेली नसते. ठेवायचा असेल तर दोरी बांधलेला भाला डोक्यामागे खांद्यात, मग आकडा. लीडर हाताभोवती गुंडाळून कुणी धरायचा नाही. सोडायचा असेल तर पाण्यातच ठेवून गळाजवळ तंगूस कापा.

नियम: बोटीसाठी एचएमएस (दूरवर स्थलांतर करणारे मासे) अँगलिंग परमिट घ्या. खालच्या जबड्यापासून शेपटीच्या दुभंगापर्यंत निदान ४७ इंच भरला पाहिजे, माणशी एक आणि खासगी बोटीवर एका फेरीत जास्तीत जास्त चार, आणि ठेवलेल्या माशाची नोंद २४ तासांत करायची. नियम बदलतात, निघण्याआधी एनओएएच्या, म्हणजे समुद्र आणि मासेमारीचं बघणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या, पानावर बघून घ्या. हे मनापासून पाळा असं मी सांगतो त्याला कारण आहे. १९९० च्या दशकात उत्तर अटलांटिकमधला हा मासा फार घटला होता. १९९९ मध्ये त्याची संख्या पुन्हा वाढवण्याची आंतरराष्ट्रीय योजना ठरली, २००१ पासून फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्यात लाँगलाइनला बंदी आली, आणि दहा वर्षांच्या आत मासा सावरला. तुम्ही आणि मी आज तिथे गरी टाकू शकतो ते त्यामुळे.

बोट २६ फुटी आहे म्हणून एक शेवटचं. उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी जाऊ नका, अंदाज कितीही सौम्य दिसला तरी. उत्तरेकडे वाहणाऱ्या प्रवाहावर तो वारा समोरून आदळतो आणि लाटा आखूड व उभ्या होतात. त्यात नाक प्रवाहाला धरून दोन तास उभं राहणं तुमच्या बोटीला झेपणार नाही. दक्षिण किंवा आग्नेयेचा मंद वारा असलेला दिवस निवडा. पहिल्या खेपेला आमिषाच्या सहा-आठ पट्ट्या आदल्या रात्री घरीच शिवून, मिठात घालून बर्फात ठेवा, म्हणजे हलत्या बोटीत सुई-दोरा काढायची वेळ येणार नाही.